घरी सीएनसी राउटर बनवताना: कटरच्या टोकापासून सुरू करा

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने कटर फिरवून लाकूड कापणारं यंत्र, बनवायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मोटर किती किलोची घेऊ?" लगेच दुसरा, "बोर्ड कुठला?" मग ऑनलाइन एखादं किट येतं आणि किटमधल्या स्क्रूच्या लांबीला बेतून सांगाडा उभा राहतो. यंत्र चालू होतं, पेन लावून छान नक्षी काढतं, आणि प्लायमध्ये पहिला कटर शिरला की थरथरायला लागतं. यात मोटरचा दोष नसतो. निर्णय उलट्या क्रमाने घेतलेले असतात.

माझं सांगणं असं की रचना कटरच्या टोकापासून सुरू करा. ते टोक कशात शिरणार, किती वेगाने सरकणार, त्यावर किती जोर येणार आणि त्या जोराने यंत्र किती वाकणार, या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढची प्रत्येक खरेदी आपोआप ठरत जाते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत आणि त्यात मोटर सातवी येते.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच यंत्र धरलं आहे: दोन बाय दोन फुटांचा तुकडा बसेल असं, प्लाय, एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिक कापणारं, क्वचित अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही कापता येईल असं. आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या शीटचे असे बरोबर आठ तुकडे होतात. नेमप्लेट, देवघराची जाळी, गणपतीचं मखर, दुकानाच्या पाटीची अक्षरं, छोट्या कपाटाचे भाग ही सगळी कामं त्यात बसतात, आणि यंत्र एका खोलीच्या कोपऱ्यात मावतं.

१. आधी जॉब कागदावर उतरवा

एका कागदावर चारच गोष्टी लिहा. कुठलं मटेरियल जास्तीत जास्त वेळा कापणार? सगळ्यात मोठा तुकडा केवढा? सगळ्यात जाड किती? आणि मापात किती फरक चालेल? मखराला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, पण खाचेत खाच बसवायची असेल तर ०.१ मिमीच्या आत राहावं लागतं.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे "होईल तेवढं मोठं बनवू". लांबी वाढवली की ताठपणा त्याच प्रमाणात कमी होत नाही, घनाच्या प्रमाणात कमी होतो. गॅन्ट्रीची (टेबलावरून जाणाऱ्या, कटर वाहणाऱ्या आडव्या पुलाची) लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते. वर्षातून एकदा लागणाऱ्या मोठ्या जॉबसाठी रोजच्या कामाचा दर्जा घालवू नका. मोठा जॉब दोन भागांत कापता येतो.

दुसरी गफलत मापाची. दोन फूट म्हणजे ६१० मिमी. तुकड्याची कड कापायची तर ६ मिमीचा कटर दोन्ही बाजूंनी बाहेर गेला पाहिजे. म्हणून प्रत्यक्ष सरक किमान ६३० मिमी ठेवा.

मुख्य काम धातूचंच असेल, तर हा लेख तुम्हाला अर्धाच उपयोगी पडेल. धातूसाठी गॅन्ट्री स्थिर आणि टेबल सरकणारं, आकाराने लहान आणि वजनाने जड असं वेगळंच यंत्र लागतं. एकाच यंत्रात दोन्ही साधायला गेलं की लाकडाला ते लहान पडतं आणि धातूला लवचिक.

२. कटर आणि स्पिंडल

कटरचा प्रत्येक दात किती जाडीची कपची काढतो, यावर कटची सफाई आणि कटरचं आयुष्य ठरतं. कटर किती वेगाने सरकवायचा याचा हिशेब सोपा आहे: मिनिटाचे फेरे गुणिले दातांची संख्या गुणिले एका दाताची कपची. प्लायमध्ये ६ मिमीचा दोन दातांचा कार्बाइड कटर १८,००० फेऱ्यांवर, दर दाताला ०.१ मिमी धरला तर १८,००० × २ × ०.१, म्हणजे मिनिटाला ३,६०० मिमी.

हा आकडा पाहून नवखा माणूस घाबरतो आणि ८०० वर चालवतो. मग दर दाताला जेमतेम ०.०२ मिमी उरतं. दात कापत नाही, घासतो. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो आणि कटर लवकर बोथट होतो. म्हणजे लाकडाच्या यंत्राला वेग असणं ही गरज आहे, आणि पुढे स्क्रू व मोटर निवडताना हाच ३,६०० चा आकडा समोर ठेवायचा. अ‍ॅल्युमिनियमला ३ मिमीचा एका दाताचा कटर, १६,००० फेरे आणि ०.०३ मिमी धरलं, तर मिनिटाला ४८० मिमी पुरतात.

स्पिंडलचे, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरचे, तीन मार्ग आहेत. सुताराचा ट्रिमर राउटर सहज मिळतो, पण आवाज प्रचंड, कार्बन ब्रश झिजतात, आणि वेग कमी-जास्त करता येणारं मॉडेलच घ्यावं लागतं. ५०० वॉटचा डीसी स्पिंडल खोदकामाला ठीक, १८ मिमी प्लायला कमी पडतो. तिसरा, ८० मिमी व्यासाचा पाण्याने थंड होणारा दीड किंवा सव्वादोन किलोवॉटचा स्पिंडल आणि त्याला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह. रोज काम करायचं असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. वरच्या मजल्यावर किंवा चाळीत राहणाऱ्यांना तर आवाजासाठीच हा घ्यावा लागतो.

व्हीएफडीचे सापळे नीट वाचा, कारण इथे पैसे आणि जीव दोन्ही गुंतलेत:

- हे स्पिंडल ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे फिरतात. व्हीएफडी मात्र बऱ्याचदा ५० हर्ट्झच्या सेटिंगवर येतो. पहिल्यांदा चालू करण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी, कमाल फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि करंट हे चारही स्पिंडलच्या पट्टीवरच्या आकड्यांशी जुळवा.
- स्पिंडल थेट घरच्या सॉकेटला कधीही जोडू नका.
- ११० व्होल्टचा व्हीएफडीही विकला जातो. ऑर्डर देताना २२० व्होल्ट आहे का ते पाहा.
- अनेक स्पिंडलमध्ये प्लगची चौथी पिन आतून बॉडीला जोडलेलीच नसते. मल्टिमीटर लावून खात्री करा. नसेल तर बॉडीला वेगळी अर्थिंगची वायर काढा.
- सव्वादोन किलोवॉटला १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून भागवू नका.
- पंप चालू आणि पाणी परत येताना डोळ्यांनी दिसलं, तरच स्पिंडल चालू करा.

३. झेड अक्ष आणि गॅन्ट्रीखालची उंची

"कधीतरी लागेल" म्हणून गॅन्ट्रीखाली २०० मिमी जागा सोडली जाते. प्रत्यक्षात १८ मिमी प्लाय, खालची एमडीएफची फळी आणि क्लॅम्प यांना मिळून ७० ते ८० मिमी पुरतात.

ही उंची इतकी महत्त्वाची का, ते समजून घ्या. कटरच्या टोकावर जोर आला की गॅन्ट्रीच्या बीमला पीळ बसतो. टोक बीमपासून जितकं लांब, तितका पीळ जास्त, आणि त्या पिळाने टोकाचं सरकणंही तितकंच जास्त. दोन्ही परिणाम गुणले जातात, म्हणून अंतर अर्धं केलं की पिळामुळे होणारी चूक चौथाईवर येते. एक रुपयाही खर्च न करता मिळणारा ताठपणा हाच.

झेडची, म्हणजे स्पिंडलची वर-खाली, सरक १०० मिमीच्या आसपास ठेवा. झेडच्या रेलवर सरकणाऱ्या दोन ब्लॉकमधलं अंतर जमेल तितकं जास्त घ्या आणि स्पिंडल प्लेटच्या शक्य तितका जवळ बसवा.

आणखी एक गोष्ट. बॉल स्क्रूला (नटमध्ये छर्रे असलेल्या स्क्रूला) घर्षण फार कमी असतं, त्यामुळे लाईट गेली की जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने स्क्रू फिरवत खाली येऊ शकतो आणि जॉबमध्ये रुततो. जड स्पिंडल असेल तर झेडला कमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी सरकवणारा, स्क्रू घ्या आणि वजन तोलायला गॅस स्प्रिंग लावा, किंवा ब्रेकवाली मोटर घ्या. आपल्याकडे लाईट कधीही जाते, तेव्हा हा विचार आधीच हवा.

४. गॅन्ट्री आणि सांगाडा

इथे थोडं रेंगाळू या, कारण यंत्र चांगलं की वाईट ते इथेच ठरतं.

हिशेबासाठी कटरवर १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोचा जोर धरा. बीमची लांबी ८०० मिमी, कटर मधोमध आणि बीमपासून २०० मिमी खाली. आता एमएसचे (साध्या पोलादाचे) दोन चौकोनी पाइप तपासू.

५० बाय ५०, ३ मिमी जाड: वाक ०.०२६ मिमी, पिळामुळे टोक ०.०३३ मिमी सरकतं. एकूण सुमारे ०.०६.

८० बाय ८०, ४ मिमी जाड: वाक ०.००४५ मिमी, पीळ ०.००६. एकूण सुमारे ०.०१.

वजन मीटरला साडेचार किलोवरून साडेनऊ किलोवर गेलं, म्हणजे दुपटीच्या थोडं वर, पण ताठपणा साडेपाच पटींनी वाढला. कारण उंचीचा परिणाम जाडीच्या परिणामापेक्षा कितीतरी मोठा असतो. पाइप निवडताना भिंतीची जाडी वाढवण्याआधी पाइपचा आकार वाढवा. आणि गॅन्ट्रीला सी-चॅनेल किंवा अँगल घेऊ नका. उघडा छेद (आडवं कापल्यावर दिसणारा आकार) वाकण्याला बऱ्यापैकी टिकत असला तरी पिळाला अगदीच कमकुवत असतो. बंद पेटीसारखा छेदच हवा.

मटेरियलमधला फरकही बघा. ताठपणाचा गुणांक पोलादाचा सुमारे २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०, एमडीएफचा ३ ते ४. अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन घ्यायला हरकत नाही, काम स्वच्छ होतं आणि वेल्डिंग लागत नाही, फक्त छेद मोठा घ्या. एमडीएफचा सांगाडा शिकण्यापुरता ठीक. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो ओल धरतो, फुगतो, आणि जूनमध्ये गुण्यात असलेलं यंत्र ऑगस्टमध्ये गुण्यात राहत नाही.

पोलादी सांगाड्याची अडचण वेगळी आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, आणि फॅब्रिकेशनवाल्याने गेट बनवताना धरलेली अचूकता रेलला पुरत नाही. रेल ज्या पृष्ठभागावर बसते तो सपाट नसेल, तर बोल्ट आवळताना रेलच वाकडी होते. यावर दोन उपाय आहेत. एक, वेल्डिंग पूर्ण झाल्यावर रेलच्या जागा मोठ्या मिलिंग मशीनवर एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या. पुण्याजवळ भोसरी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर अशा भागांत जॉबवर्क करणारे वर्कशॉप आहेत. ड्रॉइंग नीट असेल तर ते असं काम घेतात. दुसरा, रेलच्या जागेभोवती बांध घालून पातळ एपॉक्सी ओतायचं. ते पाण्यासारखं स्वतःच समपातळीत बसतं. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या रेलच्या जागा एका पाटाने जोडा, म्हणजे दोन्हीकडे एकच पातळी मिळते.

गॅन्ट्रीच्या बाजूच्या प्लेटांकडेही लक्ष द्या. एकाच रेलवरच्या दोन ब्लॉकमधलं अंतर १५० ते २०० मिमी ठेवा आणि कटरचं टोक बाजूने पाहता या दोन ब्लॉकच्या मध्ये येईल अशी प्लेट आखा. टोक ब्लॉकच्या पुढे लोंबत असेल तर प्रत्येक कटला गॅन्ट्री मान डोलावते.

५. रेल

ड्रॉवरचे चॅनेल आणि प्लास्टिकची चाकं सोडून दिली तर व्यवहारात दोन पर्याय उरतात. खालून आधार असलेला गोल रॉड, म्हणजे एसबीआर १६, आणि चौकोनी लिनिअर रेल, म्हणजे एचजीआर १५ किंवा २०. गोल रॉड स्वस्त आहे आणि पृष्ठभाग थोडा वाकडातिकडा असला तरी चालवून घेतो. पण त्याच्या बुशमध्ये ढिलाई असते आणि उघड्या बाजूकडे खेचणारा जोर तो कमी पेलतो. चौकोनी रेल त्यापेक्षा कितीतरी ताठ. आपल्या यंत्राला एचजीआर १५ पुरते. बजेट कमी असेल तर रेल चांगली घ्या आणि बोर्ड स्वस्त घ्या. बोर्ड नंतर बदलता येतो, रेल बदलायची तर सगळं उघडावं लागतं.

लांबीचा हिशेब करा. हवी असलेली सरक ६३०, बाजूची प्लेट ब्लॉकसकट २२०, दोन्ही टोकांना १० मिमी मोकळे. एकूण ८७० मिमी. "६०० चं यंत्र" म्हणून ६०० ची रेल घेतली तर प्रत्यक्ष कट ४०० मिमीच्या आत येतो.

ब्लॉक रेलवरून सरकवून बाहेर काढू नका, आतले छर्रे सांडतात. सोबत येणारा प्लास्टिकचा तुकडा त्यासाठीच असतो, जपून ठेवा.

६. स्क्रू, बेल्ट की रॅक

आपल्या मापाला १६०५ बॉल स्क्रू अगदी योग्य, म्हणजे व्यास १६ मिमी आणि एका फेऱ्याला ५ मिमी. सर्रास मिळणारा सी७ दर्जाचा स्क्रू ३०० मिमीला ०.०५ मिमीपर्यंत चुकू शकतो, लाकडाला ते भरपूर झालं. एका टोकाला बीके १२, दुसऱ्या टोकाला बीएफ १२ बेअरिंग ब्लॉक. पहिला स्क्रूला घट्ट धरतो, दुसरा लांबीला मोकळीक देतो. दोन्ही टोकं घट्ट केली तर तापल्यावर स्क्रूला वाढायला जागा राहत नाही.

लांब स्क्रू जोरात फिरवला की दोरीउडीच्या दोरीसारखा फुगतो. १६०५ स्क्रूच्या आधारांमधलं अंतर ९०० मिमी असेल तर साधारण २,५०० फेऱ्यांपर्यंत चिंता नाही. तेच अंतर १,५०० केलं तर मर्यादा ९०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ४,५०० मिमीवर येते. त्याहून लांब यंत्राला रॅक-पिनियन बघा.

८ मिमीचा टी८ लीडस्क्रू थ्रीडी प्रिंटरला ठीक. राउटरला एक्स (गॅन्ट्रीवरून आडव्या) आणि वाय (गॅन्ट्रीच्या पुढेमागे) अक्षावर तो बारीक पडतो आणि पितळी नट झिजतो. बेल्टही चालतो, पण ताण पडला की लांबतो, म्हणून रुंद बेल्ट आणि हलकं काम एवढ्यापुरताच.

वाय अक्षाला दोन्ही बाजूंना स्क्रू लावा. मधोमध एकच स्क्रू असेल आणि कटर एका टोकाला काम करत असेल, तर गॅन्ट्री तिरकी व्हायला बघते.

७. मोटर आणि ड्रायव्हर

आता मोटर. १६०५ स्क्रूवर १ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळाला तर सुमारे १,१०० न्यूटन रेटा तयार होतो, आणि कटला आपण धरलेत १००. म्हणजे ताकद मुबलक आहे. अडचण येते वेगाची. ३,६०० मिमीसाठी स्क्रूला मिनिटाला ७२० फेरे हवेत, आणि स्टेपर मोटरचा टॉर्क वेग वाढेल तसा घसरत जातो. पट्टीवरचे १९ किलो-सेंटिमीटर हे मोटर उभी असतानाचे असतात.

म्हणून किलो बघण्याआधी इंडक्टन्स, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगचा करंट झटकन बदलू न देणारा गुण, बघा. योग्य व्होल्टेजचा ढोबळ नियम असा: इंडक्टन्सचं मिलिहेन्रीतलं वर्गमूळ गुणिले ३२. अडीच मिलिहेन्रीला सुमारे ५० व्होल्ट, ८ मिलिहेन्रीला ९०. तीस किलोची पण जास्त इंडक्टन्सची मोटर ३६ व्होल्टवर १९ किलोच्या मोटरपेक्षा मंद निघू शकते. आपल्याला नेमा २३, १९ किलो-सेंटिमीटर, कमी इंडक्टन्सच्या चार मोटर हव्यात: वायला दोन, एक्स आणि झेडला एकेक.

ड्रायव्हर डीएम५४२ घ्या. तो ५० व्होल्टपर्यंत चालतो, पण मोटर थांबताना उलट वीज सोडते, म्हणून ३६ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सुरक्षित. ए४९८८ सारखे छोटे ड्रायव्हर नेमा १७ पुरतेच. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ढिलीही राहू देऊ नका, ड्रायव्हर जागेवर जळतो.

८. कंट्रोलर

आर्डुइनो उनो बोर्डवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर, हा शिकायला सगळ्यात सरळ मार्ग. त्याची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सची, आणि एका पल्सला मोटर एक पाऊल फिरते. इथे मायक्रोस्टेपचा, म्हणजे मोटरच्या एका पावलाचे आणखी छोटे भाग करण्याचा, सापळा आहे. एक अष्टमांश मायक्रोस्टेपवर एका फेऱ्याला १,६०० पल्स, भागिले ५, म्हणजे मिमीला ३२० पल्स. कमाल वेग मिनिटाला ५,६२५ मिमी. "जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त अचूक" असं समजून एक बत्तिसांश लावलं तर मिमीला १,२८० पल्स होतात आणि वेग १,४०० वर अडकतो. अचूकता मात्र तेवढ्या पटीने वाढत नाही. एक अष्टमांशच ठेवा.

ईएसपी३२ वर चालणारा फ्लुइडएनसी किंवा ग्रबलहॅल घेतला तर वायच्या दोन मोटरना वेगळे होमिंग स्विच (अक्षाची सुरुवातीची जागा सांगणारे) देता येतात आणि यंत्र दर वेळी स्वतःच गॅन्ट्री गुण्यात आणतं. ही सोय मोठी आहे. फक्त ईएसपी३२ चे पल्स ३.३ व्होल्टचे असतात आणि ५ व्होल्टच्या ड्रायव्हरला ते कधी पोचतात, कधी नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर (३.३ चे ५ व्होल्ट करणारा भाग) असलेला तयार बोर्डच घ्या. जुना डेस्कटॉप पडून असेल तर लिनक्ससीएनसी उत्तम आहे, मात्र शिकायला वेळ द्यावा लागतो.

९. वायरिंग

सगळ्यात जास्त डोकं खाणारा दोष म्हणजे व्हीएफडीचा विजेचा गोंगाट. जॉब अर्ध्यावर असताना लिमिट स्विच (सरक संपल्यावर दाबला जाणारा) लागल्याचा खोटा इशारा येतो आणि यंत्र थांबतं. लोक बोर्ड बदलतात, दोष वायरिंगमध्ये असतो.

स्पिंडलची केबल शील्डवाली घ्या आणि शील्ड व्हीएफडीच्या अर्थिंगला जोडा. ती केबल सिग्नलच्या वायरपासून लांब ठेवा, एकाच ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहणाऱ्या साखळीत) न्यावीच लागली तर मध्ये पडदा घाला. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडा, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबतं. प्रॉक्सिमिटी सेन्सर लावणार असाल तर तो बहुधा १२ ते २४ व्होल्टवर चालतो, ५ व्होल्टच्या बोर्डला मध्ये ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळी ठेवून इशारा पोचवणारा भाग) हवाच. सगळ्या अर्थिंगच्या वायर एका बिंदूवर आणा, तिथे सांगाडाही जोडा.

इमर्जन्सी स्विचने मोटरचा पुरवठा तोडला पाहिजे आणि स्पिंडलही थांबला पाहिजे. नुसता बोर्डला "थांब" सांगणारा स्विच पुरेसा नाही. स्विच उभं राहून सहज हात पोचेल अशा जागी लावा. कंट्रोलर आणि कॉम्प्युटरला छोटा यूपीएस दिला तर लाईट गेल्यावर निदान आपण कुठवर आलो होतो ते कळतं.

वायरिंगचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतं, बोल्ट, टॅप, ड्रिल यांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट. हाताळून घेता येतं हा मोठा फायदा.

१०. जोडणीआधी हाताशी काय हवं

हत्यारं: डिजिटल कॅलिपर, चांगला गुण्या, ०.०१ मिमीचा डायल गेज चुंबकी स्टँडसह, पाणसळ, एम४ ते एम८ टॅप सेट, अ‍ॅलन की, ड्रिल, मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, पातळ पितळी शिम.

कागद: प्रत्येक भागाचं मापासह ड्रॉइंग, वायरिंगचा नकाशा, मोटर-ड्रायव्हर-व्हीएफडीची माहितीपत्रकं छापून, आणि खरेदीची बिलं. परदेशातून सामान मागवलंत तर कस्टम्ससाठी केवायसीचे कागद तयार ठेवा, आणि कस्टम ड्युटी व जीएसटी धरूनच किंमत मोजा. यंत्रावर व्यवसाय करणार असाल तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

जोडणी अशी करा. एका बाजूची रेल आधी पक्की करा, दुसऱ्या बाजूची बोल्ट ढिले ठेवून बसवा, गॅन्ट्री पुढेमागे फिरवत फिरवत आवळत जा. हाताने ढकलल्यावर गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जोराने सरकली पाहिजे. कुठे जड लागली तर तिथे रेल समांतर नाही. स्क्रू जोडायच्या आधीच हे तपासा, नंतर मोटर तो दोष झाकते आणि एक दिवस मध्येच स्टेप चुकते.

११. पहिली चाचणी आणि पहिला कट

आधी पेन लावून ५०० मिमीचा चौरस काढा आणि कर्ण मोजा. दोन्ही ७०७ मिमी यायला हवेत. कर्णांत १ मिमी फरक असेल तर गॅन्ट्री ५०० मिमीला सुमारे ०.७ मिमी तिरकी आहे. त्या प्रमाणात एका बाजूची वाय मोटर फिरवून किंवा होमिंग स्विच सरकवून ती सरळ करा.

मग डायल गेज लावून प्रत्येक अक्षाची ढिलाई मोजा: एका दिशेने थोडं जा, गेज शून्य करा, १ मिमी पुढे, १ मिमी मागे. शून्यावर परत आलं नाही तर कपलिंगचा स्क्रू, बीके १२ चा नट, स्क्रू नटचे बोल्ट या क्रमाने बघा. बॉल स्क्रूचे मिमीमागचे पल्स पट्टीने मोजून "सुधारू" नका. ३२० हा आकडा गणितातून आलेला आहे. माप चुकत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

त्यानंतर ताठपणा मोजा. स्पिंडलच्या टोकाला हुकवाला वजनकाटा अडकवून १० किलो खेचा आणि डायल गेज वाचा. हिशेबात ०.०१ आलं असलं तरी ब्लॉक, बोल्ट आणि प्लेटांची ढिलाई धरून प्रत्यक्षात जास्तच येतं. लाकडाच्या कामाला ०.१ पर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर गेज एकेका भागावर टेकवून बघा, कुठला जोड हलतोय ते लगेच सापडतं.

स्पिंडल टेबलाला काटकोनात आणा. कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या चिमट्यात) वाकडी सळई धरून तिच्या टोकाला डायल गेज लावा, हाताने गोल फिरवा आणि चारी बाजूंचं वाचन जुळेपर्यंत मागे शिम घाला. मग टेबलावर १८ मिमी एमडीएफची फळी बसवा आणि रुंद कटरने तिचा वरचा थर यंत्रानेच काढून घ्या. आता यंत्राची पातळी आणि टेबलाची पातळी एक झाली.

पहिला जॉब १२ मिमी प्लायचा, ६ मिमीचा कटर, एका फेरीला ३ मिमी खोल, वेग २,००० पासून सुरू. तुकडा सुटून उडू नये म्हणून चारी बाजूंना टॅब, म्हणजे न कापलेले छोटे जोड, ठेवा. प्रोग्राम आधी पूर्ण हवेत चालवून बघा, क्लॅम्पवर कटर जात नाही ना ते तिथेच कळतं. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा राळ असतो, म्हणून व्हॅक्यूम आणि एन९५ मास्क लावल्याशिवाय एमडीएफ कापू नका, घरात लहान मुलं असतील तर खोलीचं दार बंद ठेवा. आवाज ऐकत वेग ३,००० च्या पुढे न्या. कपची पिठासारखी येत असेल तर वेग अजून वाढवा, दाणेदार येऊ लागली की तिथे थांबा आणि तो आकडा त्या कटरच्या डबीवर लिहून ठेवा.